करडईचं तेल आणि एकोणपन्नास मिनिटं

फेब्रुवारी १९८८, दुसरा मंगळवार, सकाळचे आठ वाजून पंधरा मिनिटं. पोस्टची उंची अठरा हजार फूट. स्टोअरमध्ये शिल्लक: स्पार्क प्लग सहा, इग्निशन कॉइल एक, प्लग-कॅपला लावायचं सिलिकॉन ग्रीस शून्य. हजर माणसं पाच: कंपनी कमांडर कॅप्टन साहेब, रेडिओ ऑपरेटर, नर्सिंग असिस्टंट थॉमस, मी आणि स्लेजवर बसवलेला सिपाही महालिंग.

मी हवालदार होतो. काम व्हेइकल मेकॅनिकचं. गाव वालूर, तालुका सेलू. पोस्टवर माझ्या ताब्यात एकच गाडी होती, एक स्नो स्कूटर. पुढे दोन पट्ट्या आणि मागे रबरी पट्टा असलेली ही गाडी बर्फावर चालते आणि मागे स्लेज ओढते. इंजिन दोन सिलिंडरचं, म्हणून प्लग दोन. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर रबरी कॅप घट्ट बसते. कॅपमधून जाड वायर निघते ती कॉइलपर्यंत जाते. प्लग बदलायचा तर आधी कॅप काढावी लागते. ती कधीही सरळ ओढायची नसते. आधी डावीकडे-उजवीकडे फिरवून सैल करायची, मग उचलायची. ओढली तर वायर कॉइलमधून उपटून येते. हे मी वीस-पंचवीस पोरांना शिकवलं होतं.

महालिंग पालमचा. पलटणीत आमच्या जिल्ह्याचे आम्ही दोघंच. बाकीच्यांशी हिंदी आणि आमच्यात गावची बोली. वय तेवीस. वडील मन्मथअप्पा, पालमला त्यांचा लाकडी तेलघाणा. घर लिंगायत, गळ्यात लिंग असायचं. सकाळी पाणी मिळो न मिळो, बर्फ वितळवून दोन घोट पाण्यात तो पूजा उरकायचा. मी रॉकेल मोजून देणारा माणूस, म्हणून माझी थट्टा करायचा.

"उस्ताद, तुमी सासुरवाडीला बी मापटं घेऊन जाता का वो?"

दिवाळीच्या पार्सलमध्ये अप्पांनी करडईच्या तेलाची बाटली पाठवली होती, पायाला चोळायला. पार्सल आम्हाला नोव्हेंबरात मिळालं. त्याच आठवड्यात माझं सिलिकॉन ग्रीस संपलं. मागणी खाली पाठवली होती, माल आला नव्हता. दर पंधरा दिवसांनी कॅप काढून आतून ग्रीसचा हात फिरवायचा, नाहीतर रबर प्लगच्या चिनी मातीला धरतं. मी महालिंगला म्हणालो, "दोन चमचे तेल दे."

"घ्या की. अप्पाच्या घाण्याचं हाय. मोटेला चालतं तर तुमच्या गाड्याला न चालायला काय झालं?"

आमच्याकडे करडईचं तेल कशाला लावत नाहीत? मोटेच्या चामड्याला, बिजागरीला, बैलाच्या शिंगाला. मी दोन्ही कॅपना आतून तेल लावलं. पंधरा दिवसांनी तपासलं, कॅप सहज निघाल्या. पुन्हा लावलं. डिसेंबरात लावलं. जानेवारीत स्कूटर रोज धावत होती, इंजिन रोज तापत होतं, या धावपळीत सव्वा महिना कॅप काढल्याच नाहीत.

आता जे सांगतो ते मला तेव्हाही माहीत होतं. करडईचं तेल तापत राहिलं की आटून चिकट होतं. कढईच्या काठावर त्याचा पिवळा पापुद्रा बसतो. माझी आई तो राखेनं आणि काथ्यानं खरवडून काढायची आणि रोज कुरकुरायची. मी ते वीस वर्षं पाहिलं होतं. कॅपला तेल लावताना ती कढई मला आठवली नाही.

सोमवारी महालिंगला खोकला सुरू झाला. मंगळवारी सकाळी सहाला थुंकीत गुलाबी फेस आला. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं तो आजार. त्यावर इलाज एकच, माणसाला लवकर खाली नेणं. पोस्टवर हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हतं. ते खालच्या कॅम्पवर येणार होतं. तिथे पोचायला स्कूटरनं तीस मिनिटं लागत. पायी स्लेज ओढून साडेतीन तास.

रेडिओवर निरोप आला, "बादल आ रहे हैं. पायलट नौ पैंतालीस तक रुकेगा. उसके बाद नहीं. ओव्हर."

नऊ पंचेचाळीस. आमच्याकडे दीड तास होता.

थॉमसनं महालिंगला पाठीमागे गाठोडी लावून बसतं केलं. आडवं केलं की त्याचा श्वास अडकत होता. मी दोरी ओढून इंजिन सुरू करू लागलो. ते एका सिलिंडरवर फडफडलं आणि बंद पडलं. असं चार वेळा झालं. प्लग ओला झाला होता. आठ पस्तीसला बॉनेट उघडलं.

स्लेजवरून महालिंग म्हणाला, "उस्ताद, मी उतरून ढकलू का?" दोन शब्दांच्या मध्ये तीन श्वास घेत होता.

"गप बस. बोलू नको."

कॅप्टन साहेब जवळ आले. "कितना टाइम? नीचे वाली स्कूटर मँगवाऊँ?"

खालच्या कॅम्पवर दुसरी स्कूटर होती. तिला वर यायला पस्तीस मिनिटं. मी म्हणालो, "दस मिनट, साहब." प्लग बदलायला सहा मिनिटं लागतात. मी चार जास्तीची धरली होती. साहेबांनी मान हलवली. खालची स्कूटर मागवली नाही.

पहिली कॅप धरली आणि फिरवली. हलली नाही. पक्कड लावून हळूच फिरवली. नाही. टॉर्च मारला. रबराच्या कडेला पिवळसर, काचेसारखी रेघ दिसली. ती पाहताच मला सगळं कळलं. मी कोणाला काही बोललो नाही.

थॉमसनं विचारलं, "गरम पानी डालूँ?"

"नहीं. जम जाएगा."

स्टोव्हवर फडकं तापवलं. कॅपभोवती गुंडाळलं. हातमोजे काढले. बारीक तार वाकवून रबर आणि चिनी माती यांच्यामध्ये घातली, पेट्रोलचा एकेक थेंब सोडला. बोटांना तार लागते की नाही ते कळत नव्हतं.

आठ पंचेचाळीसला साहेबांनी विचारलं, "हुआ?"

"बस, दो मिनट, साहब."

हे मी दुसऱ्यांदा खोटं सांगितलं. पहिल्या वेळी निदान मला तसं वाटत होतं.

आठ अठ्ठावन्नला पहिली कॅप निघाली. आत तेलाचा पापुद्रा होता, नखानं खरवडला तर चुरा पडला. प्लग बदलला. दुसऱ्या कॅपला तसंच फडकं, तशीच तार. पण घड्याळ दिसत होतं. नऊ वाजून सहा मिनिटांनी मी ती ओढली. सरळ ओढली. जे करू नका म्हणून पोरांना शिकवलं तेच केलं. वायर कॉइलमधून उपटून हातात आली.

शिल्लक कॉइल एक होती. जुनी काढून नवी बसवायला अठरा मिनिटं लागली. नऊ चोवीसला इंजिन दोन्ही सिलिंडरवर सुरू झालं. बॉनेट उघडल्यापासून एकोणपन्नास मिनिटं.

नऊ सत्तेचाळीसला उतरणीवर असताना डोक्यावरून आवाज गेला. मी वर पाहिलं नाही. नऊ चोपन्नला कॅम्पवर पोचलो. तिथल्या डॉक्टर साहेबांनी ऑक्सिजन लावला. ढग खाली आले होते. दुपारी बारापर्यंत दोनदा रेडिओवर विचारणा झाली. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, "नेगेटिव्ह."

महालिंग तंबूत बसलेलाच होता. शेवटी मला म्हणाला, "उस्ताद, लय गार हाय वो." मी त्याचे पाय मांडीवर घेतले. एक वाजून दहा मिनिटांनी तो गेला.

दोघं त्याला आडवं करायला पुढे झाले. मी म्हणालो, "रुको. इसको लिटाना नहीं." त्या थंडीत आडवा केला असता तर तो तसाच गोठला असता, मग बसवता आला नसता. आमच्या शेजारी वालूरला लिंगायतांची चार घरं आहेत, मला रीत माहीत होती. रेडिओवर कॅप्टन साहेबांना सांगितलं, "साहब, इनमें जलाते नहीं. बैठाकर दफ़न करते हैं. ओव्हर."

साहेबांचं उत्तर आलं, "ठीक है. वैसे ही ले जाओ. आउट."

ढग चार दिवस हटले नाहीत. त्याला मांडी घालून, पाठीला फळी बांधून स्लेजवर दोन दिवसांत बेस कॅम्पला उतरवला. तिथे खाली माती आहे, पण गोठलेली. सहा माणसांना खड्डा खणायला सात तास लागले. गळ्यातलं लिंग काढून मी त्याच दुपारी, हात आखडायच्या आत, त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं होतं आणि बोटं मिटवली होती.

चौकशीत मी तेलाचं सगळं सांगितलं. 'मंजुरी नसलेलं वंगण वापरलं' असं लिहिलं गेलं. मला सक्त ताकीद मिळाली. डॉक्टर साहेबांनी जबानीत म्हटलं की हेलिकॉप्टर मिळालं असतं तरी तो वाचला असता असं खात्रीनं सांगता येत नाही. मी दुसरा हिशेब केला. आठ छत्तीसला खालची स्कूटर निघाली असती तर नऊ अकराला वर, तीन मिनिटं स्लेज जोडायला, नऊ चव्वेचाळीसला खाली. एक मिनिट आधी. हा हिशेब मी बऱ्याचदा केला आहे. उत्तर तेच येतं.

एप्रिलमध्ये सुट्टी मिळाली. सेलू, परभणी, गंगाखेड करत एसटीनं पालमला गेलो. नव्या करडईचा हंगाम होता, घाणा चालू होता. मन्मथअप्पांनी बैल थांबवला आणि मला पोत्यावर बसवलं.

"बसविलं व्हतं का लेकराला?"

"बसवलं होतं, अप्पा."

"आन् लिंग?"

"डाव्या हातावर. मीच ठेवलं."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मग विचारलं, "दिवाळीला तेल धाडलं व्हतं. पोचलं का?"

"पोचलं."

"लावायचा का?"

"रोज लावायचा पायाला."

"बरं झालं. तेवढीच ऊब."

पुढचं मी सांगितलं नाही. इंजिन थंडीनं बंद पडलं, एवढंच म्हणालो. निघताना त्यांनी एक बाटली भरून दिली, माझ्या आईसाठी. मी पैसे विचारले.

"अठरा व्हतात. पर तुमच्याकून घेत न्हाई."

ती बाटली घरी आणली. आईनं वापरली. त्या महिन्यात मी पोट बिघडल्याचं सांगून दूध-भाकरीवर राहिलो.

मी १९९१ ला निवृत्त झालो. मन्मथअप्पा गेल्या उन्हाळ्यात गेले. मातीला मी हजर होतो. त्यांनाही बसवलं, तशीच मांडी. तेराव्या दिवसानंतर घाण्यावर गेलो. आता तिथे महालिंगचा मोठा भाऊ शिवलिंग बसतो. गिऱ्हाईक गेल्यावर मी त्याला नोव्हेंबरपासून सगळं सांगितलं. तेल, पापुद्रा, दहा मिनिटं, ओढलेली वायर.

तो ऐकत होता. पेंडीचा तुकडा हातात चुरत होता.

"अप्पाला न्हाई सांगितलं ते बरं केलं," तो म्हणाला. "त्यांनी घाणा बंद केला असता. पर मला सांगायला सा वर्सं लावायची न्हवती, हवालदार."

"चुकलं."

"किती टाइम लागला म्हणलात?"

"एकोणपन्नास मिनिटं."

मी खिशातून अठरा रुपये काढले. दहाची एक, पाचची एक, एकच्या तीन. "८८ ची एक बाटली राहिली होती," म्हणालो.

मला वाटलं तो नको म्हणेल. गल्ल्यावर महालिंगचा फोटो आहे, पलटणीत काढलेला. गणवेश नवा आहे आणि कॉलरचं बटण थोडं तिरकं आहे. ते मीच लावून दिलं होतं. शिवलिंगनं एकदा फोटोकडे पाहिलं, नोटा घेतल्या, दोनदा मोजल्या आणि गल्ल्यात टाकल्या.