सतराव्या चांदाची भरती

शुक्रवार, ५ ऑक्टोबर १९६२. रक्कम तेहेतीस रुपये, माणशी तीन. हजर मी धरून अकरा. जागा दुबईच्या देरा भागातली आमची खोली, जिथे आठ जण राहत आणि त्या दिवशी अकरा मावले. तेव्हा तिथे रुपयेच चालत. त्यामुळे माझी मुलं आज "डॅड, हाऊ मच इज दॅट इन दिरहम्स?" असं विचारतात तेव्हा मला नेमकं उत्तर देता येत नाही, आणि ते माझ्या मनाला लागतं.

जमलेले सगळे रत्नागिरीकडचे. वर्गणी फुटबॉलच्या संघासाठी. तिघे कॉलेजात गेलेले, त्यांतला मी इंटरला नापास. तेवढ्यावर बाजारात आमचं नाव 'कॉलेज टीम' पडलं. नाव घेणारे हसत. मी लेफ्ट बॅक होतो, कारण खजिनदारही मीच होतो. पैसे सांभाळणाऱ्याला बाहेर बसवणं कप्तानाला, म्हणजे माझ्या मावसभावाला, जड गेलं असावं.

मैदान म्हणजे खाडीकाठची सपाट खारी जमीन. शुक्रवारी तिच्यावर तीन संघ पाळीपाळीने खेळत. हंगामाअखेर जो तळाला राहील त्याने आपली पाळी नव्या संघाला सोडायची, असं ठरलेलं. पाळी गेली की संघ मोडणार. बाकीच्यांना कुणीही घेतलं असतं. मला घेणारा दुसरा संघ नव्हता. मी चौकशी केली होती.

शेवटचा सामना चौदा डिसेंबरला, एका बँकेच्या कारकुनांशी. दोघांचे गुण सारखे, पण आम्ही त्यांच्यापेक्षा एक गोल कमी खाल्लेला. गुण सारखे राहिले तर गोल मोजायचे होते. म्हणजे नुसती बरोबरी झाली तरी आम्ही वाचत होतो.

मग मी हिशेब मांडला. त्या दिवशी सतरावा चांद, म्हणजे चंद्राच्या महिन्याची सतरावी तारीख, पुनवेनंतरच्या मोठ्या भरतीची. आमच्या गावी सतराव्या चांदाला भरती दुपारी सव्वादोनपर्यंत पूर्ण होते. चारला पाणी हटलेलं असतं आणि मागे राहतो चिखल. मोठ्या भरतीला मैदानाचा खाडीकडचा भाग बुडतो, हे आम्ही पाहिलेलं होतं. बँकवाले खिळ्यांचे बूट घालत. आम्ही अनवाणी, खाडीकाठच्या खाजणात, चिखलात वाढलेले. सामना चारला. पहिल्या हाफला त्यांना खाडीकडची बाजू द्यायची म्हणजे ते घसरतील आणि आपण गोल करू. दुसऱ्या हाफपर्यंत ती बाजू सुकेल, तेव्हा ती आपल्याकडे आली तरी हरकत नाही.

"हेच पेपरात आलं असतं तर तू इंटर पास झाला असतास," मावसभाऊ म्हणाला.

आमचे गोलकीपर वयाने मोठे, पूर्वी जहाजावर खलाशी होते. त्यांना सगळे चाचा म्हणत. ते म्हणाले, "कुणा इथल्या माणसाला विचारून घे बाबा."

"चाचा, समुद्र एकच आहे," मी म्हणालो.

चार वाजता मैदान तव्यासारखं कोरडं होतं. टॉस आम्ही जिंकलो आणि ठरल्याप्रमाणे बँकवाल्यांना खाडीकडे पाठवलं. ते बूट आपटत आनंदाने धावले. चाचांनी कसेबसे गोल वाचवले. हाफटाइमला शून्य-शून्य.

"चिखल कुठाय, खजिनदार?" मावसभावाने विचारलं.

"येईल," मी म्हणालो.

बाजू बदलल्या. खाडी आता आमच्या पाठीशी. दहाएक मिनिटांनी चाचा शांतपणे म्हणाले, "आला बघ." पाणी गोलच्या खांबांना लागलं होतं. भरती तिथल्या खाडीच्या वेळेला आली होती. आमच्या गावाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

खाजणात आम्ही वाढलो हे खरं, पण तिथे आम्ही खेकडे पकडत होतो, फुटबॉल खेळत नव्हतो. घोटाभर पाण्यात चेंडू माझ्यासमोर आला. मी सगळ्या ताकदीने लाथ मारली. चेंडू तरंगत जरासा बाजूला झाला आणि मी खाली बसलो. त्यांच्या सेंटर फॉरवर्डने माझ्या खांद्यावरून पाय टाकून चेंडू आत ढकलला. चाचांनी उडी मारली ती मुख्यतः पाण्यात. एक-शून्य. तोच शेवटचा आकडा.

पाळी गेली. बँकवाल्यांच्या कप्तानाने तिथेच चाचांना, मावसभावाला आणि आणखी चौघांना आपल्या संघात बोलावलं. मावसभावाने माझ्यासाठीही शब्द टाकला.

"खेलता कैसा है, वो तो देख लिया," कप्तान म्हणाला.

"हिसाब अच्छा रखता है."

"हिसाब के लिए हमारे पास पूरा बैंक है, हबीबी."

थोडा विचार करून त्याने विचारलं, लाईनवर झेंडा घेऊन उभा राहील का? मी ओल्या लेंग्यातच हो म्हणालो.

पुढच्या हंगामाची वर्गणी चार रुपये होती. खेळत नसल्यामुळे मी निम्मी सवलत मागितली, ती मिळाली नाही. पूर्ण चार रुपये मी बँकवाल्यांच्या खजिनदाराला रोख दिले.