अल्बममध्ये गाणी किती?

मंडळी, संध्याकाळपासून डोकं तापलं आहे, म्हणून इथे लिहितो.

आज आमच्या रत्नागिरीतल्या देवळात माघी गणेशोत्सवाची प्रश्नमंजूषा होती. यंदा त्यात इंग्रजी गाण्यांची फेरी ठेवली होती. माझी मुलगी पहिल्यांदाच स्टेजवर चढली आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत सगळ्यांच्या पुढे होती.

लांज्याहून आलेल्या परीक्षकांनी टीव्हीवर एका रॉक बँडचा व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, "या अल्बममध्ये गाणी किती?"

ती म्हणाली, "बारा."

"चूक! एकच. आत्ता बघितलंस ना?"

आपल्याकडे टीव्हीवरच्या एका गाण्यालाही सर्रास अल्बम म्हणतात, त्याचा हा घोळ. ती म्हणाली, "काका, हा व्हिडिओ झाला. अल्बम म्हणजे अख्खी सीडी."

"गो बाय, परीक्षक तू की मी?"

सगळे हसले. बक्षीस दुसऱ्याला गेलं. देवासमोर वाद नको म्हणून मी बसून राहिलो.

घरी येताना तिने विचारलं, "बाबा, पुढच्या वर्षी खरं उत्तर देऊ, की त्यांना हवं ते?"

'खरंच दे' म्हणायला माझी जीभ उचलेना. तुम्ही काय सांगितलं असतंत?