तळ्यातला एक खांब

बसवराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिंप भरत होतो. लातुरात नळाला पाणी आलं की माणूस कुणाचा नसतो. फोन दोनदा वाजून थांबला, मी उचलला नाही. सगळं भरून झाल्यावर उलटा फोन लावला, तर पलीकडे त्याची बायको. "भाऊजी, हे गेले..." वहिनी एवढंच म्हणाल्या. सव्वा महिना झाला, त्या न उचललेल्या फोनची लाज अजून जात नाही.

बसू माझा जुना दोस्त, उदगीरचा, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातला. दुकान सोडून नांदेडला भूगर्भशास्त्र शिकवायला गेला आणि जन्मभर चिखल चाळत बसला. डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची काचेसारखी कवचं तळ्याच्या गाळात शेकडो वर्षं टिकतात. काही जाती खोल, गोड्या पाण्यातल्या, काही आटत आलेल्या खारट पाण्यातल्या. थराथरातली कवचं मोजली की तळं कधी भरलं, कधी आटलं ते कळतं. मी त्याला 'मेलेल्या पावसाचा तलाठी' म्हणायचो. तो हसायचा आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत मी कनिष्ठ अभियंता. बसायला धड खुर्च्या नव्हत्या, दुष्काळ मात्र वेळेवर हजर. अहमदपूरकडचं एक फार जुनं तळं तळापर्यंत आटलं आणि दुष्काळी कामावर त्यातला गाळ काढून शेतात टाकायचं ठरलं. बसू धावत आला. इतका जुना, अखंड गाळ त्याला दुसरीकडे मिळणार नव्हता. काम थांबवणं माझ्या हाती नव्हतं, आणि थांबवावं असं त्याच्याही मनात नव्हतं. गावाच्या चुली त्यावर होत्या. शेवटी मधोमध मातीचा एक खांब त्याच्यासाठी न खोदता सोडायचा, असं मी मुकादमाला सांगितलं.

पाटी वाहणारी एक म्हातारी त्याच्या भिंगाकडे बघत म्हणाली, "सर, याच्यातून फुडला पाऊस दिसंल का ओ?"

"न्हाई मावशी. मागचाच दिसतो."

"मंग काय उपेग?" म्हणून ती पाटी उचलून गेली. बसूने भिंग पुसलं आणि पुन्हा मातीला लावलं.

खांबाच्या वरच्या दोन फुटांतली माती त्याने सुरीने इंच-इंच काढून घेतली. खालची हात लावताच ढासळायची, म्हणून ती शाबूत काढायला पाइप आणायला तो नांदेडला गेला. आता, खोदकामात असे खांब आम्ही नेहमीच सोडतो. किती खोल खणलं ते त्यावरून मोजायचं आणि माप झालं की खांबही काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन उतरलो. चार खांब मोजले, वहीत लिहिले आणि नोकरीला लागल्यापासून जे म्हणत आलो तेच म्हणालो, "झालं माप. पाडा."

"साहेब, ह्यो बी?" मुकादम चाचरला.

"हां, तो बी," वहीतून मान वर न करता मी म्हणालो.

जेवताना आठवलं. घास तसाच टाकून धावलो. बसूच्या खांबाची माती बैलगाडीतून जाऊन शेतात पसरूनही झाली होती.

संध्याकाळच्या एसटीने तो खांद्यावर पाइप घेऊन उतरला. मी सांगून टाकलं. त्याने शिव्या द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं. तो नुसता खड्ड्याच्या काठावर बसला.

"किती फूट भरलं?"

"सहा."

"बराबर मोजलास ना?"

"हाव..."

मग आम्ही त्या शेतात गेलो. सगळी ढेकळं सारखीच काळी. कुठलं वरचं, कुठलं खालचं, कोण सांगणार? त्याने एक ढेकूळ उचललं, फोडलं, पुन्हा खाली ठेवलं. मी त्याच्यामागे हात बांधून उभा होतो. सकाळी त्याने खड्ड्याच्या तळाखालची थोडी माती नेली. पुढे मी कधी विषय काढला की म्हणायचा, "जाऊ दे की." मला वाटलं, गेलं त्याच्या मनातून.

परवा नांदेडला गेलो तेव्हा वहिनींनी त्याचं कपाट उघडलं. त्या तळ्याच्या काचपट्ट्यांची पेटी निघाली. दोन फुटांपर्यंतच्या पट्ट्यांवर माती होती, सहा फुटांच्या पुढच्यांवरही होती. मधल्या सगळ्या कोऱ्या. पण प्रत्येकीवर त्याच्या बारीक अक्षरात खोली लिहिलेली.

"दर दिवाळीला ह्या बी पुसून ठेवायचे," वहिनी म्हणाल्या. "कोऱ्या कशाला म्हणून विचारलं, तर म्हणायचे, असू दे, जागा त्यांचीच हाय."

मी 'साडेतीन फूट' लिहिलेली पट्टी त्याच्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि डोळा लावला. नुसता उजेड होता. वहिनींनी चहा आणून ठेवला, तरी मला तिथून उठवेना.