पोटातला खिळा

सोफेकाका कामाला बसले की त्यांच्याशी बोलायला जाण्यात काही अर्थ नसायचा. माणूस तुसडा होता असं नाही, उलट भलता गप्पिष्ट. पण कामाच्या वेळी त्यांचं तोंड खिळ्यांनी भरलेलं असायचं. खुर्चीच्या चौकटीवर कापड ठोकायचे ते बारीक, काळे खिळे काका चिमूटच्या चिमूट गालात भरत. जिभेने एकेक खिळा वळवून त्याचं डोकं ओठांत आणायचं, हातोडीचं चुंबकाचं टोक तिथे टेकवायचं, खिळा चिकटला की ठक्! डावा हात कापड ताणायला मोकळाच. बघणारा नजर वळवायचा, काकांना मात्र काही म्हणजे काही वाटायचं नाही. तरुणपणी ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्यांची हीच पद्धत होती, आणि काकांच्या मते जगात दुसरी पद्धतच नव्हती.

दुसरी पद्धत त्यांच्या शेजारीच बसलेली असायची. दुकान दोघांचं होतं, काकांचं आणि त्यांच्या मेव्हण्याचं, म्हणजे काकूंच्या धाकट्या भावाचं. मेव्हणा पिनांची बंदूक वापरायचा. फाट फाट फाट, झाली खुर्ची. मग काका खिळे तळहातावर काढून घ्यायचे आणि सुरू व्हायचे.

"अरे, सोफा शिवतोयस की शिकारीला निघालायस?"

"भाऊजी, हसा तुम्ही. एक दिवस गिळाल ना, मग कळेल."

"गिळतो तो कारागीर नव्हे. त्याने भाजी विकावी. मी आजवर एक खिळा गिळलेला नाही, आणि मरेपर्यंत गिळणार नाही."

यावर मेव्हणा पुन्हा बंदूक उचलायचा आणि कामाला लागायचा. काकांना वाटायचं, जिंकलो.

तर असं सगळं मजेत चाललेलं असताना एके दिवशी दुपारी कोपऱ्यावरचा न्हावी आपली फिरकीची खुर्ची घेऊन आला. रेक्झिन फाटलं होतं. न्हावी हा प्राणीच असा की त्याला समोरचा माणूस गप्प बसलेला आवडतो, कारण मग त्याला एकट्याला बोलता येतं. काकांचं तोंड खिळ्यांनी भरलेलं बघून त्याला चेवच चढला. एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी कापून झाल्यावर तो माणूस फोन आला म्हणून तसाच उठून मुलगी बघायला कसा पळाला, हा किस्सा त्याने इतका रंगवला की काकांना हसू फुटलं. आणि हसता हसता त्यांनी आवंढा गिळला.

हातोडी हवेतच राहिली. काकांनी सगळे खिळे तळहातावर थुंकले. किती होते, किती राहिले, कोण सांगणार? चिमूट कुणी मोजून उचलत नाही. घशात काही टोचत नव्हतं. पण काहीतरी खाली गेलं, एवढं नक्की. मेव्हण्याने विचारलं, "काय झालं भाऊजी?"

"काही नाही," काका म्हणाले. "हा गाढव हसवतो."

आठवडाभरात पोटात दुखायला लागलं. छातीच्या खाली, बरोबर मध्यभागी, कुणीतरी निखारा ठेवावा तशी आग. पोट रिकामं असलं की जास्त, दूध प्यायलं की जरा थंड. काकांच्या डोळ्यांपुढे तो खिळा स्पष्ट उभा राहिला, काळा, टोकदार, आतल्या भिंतीत रुतून बसलेला.

आता तुम्ही म्हणाल, मग जायचं ना डॉक्टरकडे! जाणार कसे? डॉक्टरला सांगायचं म्हणजे आधी काकूंना सांगायचं. काकूंना सांगायचं म्हणजे ते भावाच्या कानावर जाणार. आणि मेव्हण्याला कळलं की बंदूक खरी आणि काका खोटे, आयुष्यभराची मिजास मातीत. त्यापेक्षा पोट दुखलेलं परवडलं! म्हणून काकांनी खिळ्याचा बंदोबस्त आपला आपणच करायचं ठरवलं.

आधी केळी सुरू केली. खिळ्याभोवती केळं गुंडाळलं जाईल आणि तो गुपचूप निघून जाईल असा हिशोब. घरात केळ्यांचे घड येऊ लागले तेव्हा काकूंनी विचारलं, "अहो, माकड पाळलंय का कुठे?" मग एका सकाळी काकांनी आपली चुंबकाची हातोडी घरी आणली, खोलीचं दार लोटलं, सदरा वर केला आणि ती पोटावर टेकवून सावकाश फिरवायला लागले. चुंबक कुठे ओढ घेतंय का बघायला! डाव्या बरगडीखाली किंचित ओढ लागल्यासारखी त्यांना वाटली. नेमक्या त्याच वेळी काकू टॉवेल घ्यायला आत आल्या.

"हे काय चाललंय?"

"काही नाही. उकडतंय. लोखंड गार असतं."

काकूंनी टॉवेल खांद्यावर टाकला. संसारात त्यांनी नवऱ्याची पुष्कळ सोंगं बघितली होती, पण हे नवीन होतं. "बरं," म्हणाल्या, "गार होऊन झालं की न्याहारीला या."

आणि त्यानंतर जे झालं ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. काकांना शौचाला काळंकुट्ट व्हायला लागलं, डांबरासारखं चिकट. दुसरा कुणी असता तर घाबरून धावत सुटला असता, आणि धावायलाच हवं होतं, कारण तो रंग पोटात रक्त वाहत असल्याचा होता. पण आपले काका सोफेवाले. त्यांनी जन्मभर जुन्या चौकटींतून गंजलेले खिळे उपटले होते. काळं बघितल्याबरोबर त्यांचा चेहरा खुलला. गंज! खिळा गंजतोय, विरघळतोय, थोडा थोडा बाहेर पडतोय! त्या दिवशी काका शीळ घालत दुकानात गेले. मेव्हण्याला आपणहून चहासुद्धा पाजला.

काका असे खुशीत, आणि अंगातलं रक्त चाललंय. जिना चढताना धाप लागायची. तळवे कागदासारखे पांढरे पडले. काकू म्हणायच्या, "चेहरा बघा आरशात." काका म्हणायचे, "वय झालं." कंबरही दुखायची, ती तर कित्येक महिन्यांपासून. औषधाच्या दुकानातून आणलेली कंबरेची गोळी सकाळी उपाशीपोटी कोऱ्या चहाबरोबर घ्यायची आणि कामाला बसायचं, हा त्यांचा नेम होता. तो त्यांनी या दिवसांतही मोडला नाही.

शेवटी एका मोठ्या सोफ्याची पाठ ठोकताना काकांना डोळ्यांपुढे अंधारी आली. एवढंच सुचलं की तोंडातले खिळे थुंकावेत. ते थुंकले आणि काका त्याच सोफ्यावर आडवे झाले. मेव्हण्याने बंदूक फेकली. कुणाची गाडी मिळवली, कसं उचललं, त्याचं त्यालाच पुढे आठवेना. बहिणीला फोन करताना त्याला धड बोलताही येत नव्हतं.

दवाखान्यात पोटाच्या डॉक्टर बाई होत्या. बारीक चणीच्या, कपाळावर चष्मा चढवलेल्या, बोलायला मोकळ्या, हसऱ्या. त्यांनी काकांची खालची पापणी ओढून बघितली आणि हसणं थांबवलं.

"काका, शौचाला काळं होतंय का?"

खाटेच्या एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला मेव्हणा. काकांनी छताकडे बघितलं. "छे."

"नीट आठवून सांगा. रक्त खूप कमी झालंय तुमचं. कुठून जातंय ते मला कळलं पाहिजे, आणि आत्ता कळलं पाहिजे. पोटात दुखतं?"

"तसं काही नाही."

काकूंनी त्यांचा हात धरला होता. काकांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. या बाईला त्यांनी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. घराच्या छपरावरून पडता पडता वाचली तेव्हासुद्धा ती हसत होती. आज तिच्या ओठांचा रंग गेला होता. काकांना एकदम कळलं की आपण मरू शकतो, आणि मेव्हण्यापुढे नाक वर ठेवण्यासाठी मरायला निघालोय. त्यांना स्वतःची अशी लाज वाटली की बस्स.

"होतंय काळं," ते म्हणाले. "गंज आहे तो."

"कसला गंज?"

"खिळ्याचा. मी खिळा गिळलाय." आणि मेव्हण्याकडे वळून, "घे. म्हण आता काय म्हणायचं ते."

मेव्हणा मट्कन स्टुलावर बसला.

मग धावपळ झाली. रक्ताची पिशवी लागली. एक्स-रे निघाला. डॉक्टर बाईंनी तो उजेडासमोर धरून काकांना दाखवला. बरगड्या होत्या, मणके होते. खिळा नव्हता.

"विरघळला असेल," काका क्षीण आवाजात म्हणाले.

"लोखंडाचा खिळा असा आठ-पंधरा दिवसांत विरघळत नसतो हो! आत बघू या आता, दुर्बीण घालून."

घशात औषधाचा फवारा मारून, गुंगी देऊन त्यांनी नळी आत सोडली. काकांना त्यातलं फारसं आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा घसा खवखवत होता, काकू पायाशी बसल्या होत्या, मेव्हणा भिंतीला टेकून उभा होता, आणि डॉक्टर बाई सांगत होत्या.

"अल्सर आहे. जठराला जखम. त्यातली एक शीर उघडी पडली होती, तिथून रक्त जात होतं. खिळाबिळा काही नाही. कसली गोळी घेता तुम्ही?"

"कंबरेची. पण ती पोटाची नाही," काका म्हणाले.

"खाली पोटातच जाते ना? उपाशीपोटी रोज घेतली की जठराचं आतलं अस्तर सोलवटतं. गोळी आजपासून बंद. पोटात एक जंतू असतो, तोही कधीकधी असं करतो. त्याची तपासणी करायला जठराचा बारीकसा तुकडा पाठवलाय. आम्लाची औषधं देते, ती वेळेवर घ्यायची. बरे व्हाल."

काकांनी यातलं एकच ऐकलं होतं. "खिळा नाही? नीट बघितलंत? कोपऱ्याकोपऱ्यात?"

"एकही नाही."

"बघ!" काका मेव्हण्याला म्हणाले, आणि आनंदाने उठून बसायला गेले. "गिळलाच नव्हता! आजवर एक नाही!"

"झोपा!" काकू ओरडल्या. सगळा दवाखाना चमकला. "खिळा नाही म्हणून आनंद होतोय? आणि तुम्ही गेला असतात तर? मी काय लोकांना सांगायचं होतं, कारागीर मोठा होता, बायकोला काही न सांगता गेला म्हणून?" आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू त्यांना फुटलं. काका निमूटपणे आडवे झाले.

ते अवघडलेपण डॉक्टर बाईंनीच मोडलं. "तसं पाहिलं तर आता तुमच्या पोटात लोखंड आहे, काका. मी ठेवलंय. त्या शिरेवर बारीकशी क्लिप बसवली, रक्त थांबायला. जखम भरली की ती आपली आपण गळून निघून जाईल."

"क्लिप म्हणजे?" मेव्हण्याने विचारलं. "ठोकायची?"

"छे छे, नळीच्या टोकाला असते. वरून खटका दाबला की आत चिमटा बसतो."

"म्हणजे बंदूक!" मेव्हणा मोठ्याने ओरडला. "भाऊजी, बंदूक! पिन मारलीय तुम्हाला पिन!"

काकांना हसू आवरेना, आणि हसलं की पोटात कळ येत होती, तरी ते हसत राहिले. काकूसुद्धा पदराने डोळे पुसता पुसता हसल्या. डॉक्टर बाई गेल्यावर मेव्हणा स्टूल ओढून खाटेजवळ आला. हसणं ओसरलं तरी तो उठेना.

"भाऊजी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी गिळलाय."

"काय?"

"खिळा. तुमच्या हाताखाली शिकत होतो तेव्हा. निघून गेला आपोआप, पण ते दिवस कसे काढले माझं मला माहीत. प्रत्येक घास गिळताना वाटायचं, हा शेवटचा. पुन्हा तोंडात खिळा धरायची हिंमत झाली नाही. म्हणून तर बंदूक घेतली."

"मला बोलला नाहीस ते?"

"तुम्हाला? तुम्ही भाजी विकायला बसवलं असतंत."

काकांनी मान हलवली. बसवलंच असतं, त्यात शंका नव्हती. जन्मभर पुरेल एवढा दारूगोळा आत्ता त्यांच्या हातात आयता आला होता आणि त्यांना तो नको होता. हा पोरगा घास घास घाबरत गिळत होता आणि त्याच्या शेजारी बसून आपण फुशारक्या मारत होतो. त्यांनी मेव्हण्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

तेवढ्यात नर्स औषध घेऊन आली. "काय काका, बरं वाटतंय ना? दुखत नाही ना कुठे?"

"छे, ठणठणीत—" काकांनी सवयीने सुरुवात केली आणि थांबले. काकू त्यांच्याकडे बघत होत्या.

"दुखतंय," काका म्हणाले. "इथे वर दुखतंय. कंबर तर फारच. आणि आज मी घाबरलो होतो."

काकू उठल्या, खाटेला वळसा घालून आल्या आणि त्यांच्या उशाशी बसल्या.