सुनीतीबाईंची धाबळी

केडगावच्या सुनीतीबाईंना कशाची किळस येत नाही, असं कुणी विचारलं असतं तर त्यांचे यजमान नृसिंहराव बराच विचार करून म्हणाले असते, "विस्तवाची." बाकी सगळ्याची यायची. एसटीच्या दांडीची, ओल्या पायपुसण्याची, दुसऱ्याच्या डब्यातल्या लोणच्याची, थुंकी लावून मोजलेल्या नोटांची. भाचे-पुतणे आपला शेंबूड आपण पुसायला लागेपर्यंत त्यांनी एकालाही मांडीवर घेतलं नव्हतं. शब्दांचीसुद्धा किळस. एकदा तपासणीला गेल्या तेव्हा लॅबमधल्या मुलीला "रक्त, आणि ते दुसरं" एवढंच म्हणाल्या. ते दुसरं म्हणजे काय, हे नृसिंहरावांना पुढे होऊन सांगावं लागलं.

मूल झालं नाही. देवानं बघूनच दिलं नाही, असं नातेवाईक हसून म्हणायचे. त्या नातेवाइकांची त्यांना जी किळस यायची, ती मात्र अगदी रास्त होती.

घराणं खंडोबाचं. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा असा नैवेद्य सुनीतीबाई सोवळ्यात करायच्या. त्यासाठी नेसायला सासूबाईंची लोकरीची धाबळी होती. ती मागच्या मोरीत उंच दांडीवर असायची, काठीनं काढायची आणि काठीनंच वाळत घालायची. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

त्याच मोरीत, वॉशिंग मशिनच्या मागे, त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास एक भटकी मांजर व्याली. सुनीतीबाईंनी नाकाला पदर लावला तो काढलाच नाही. दोन दिवसांनी मांजरीनं पिल्लं एकेक करून मानेला धरून हलवली आणि सगळ्यात मरतुकडं तेवढं टाकून गेली.

भांडी घासायला येणाऱ्या पुष्पाबाईंनी वाकून बघितलं. "आईनंच टाकलंय, बाई. कमजोर हाय. द्या, म्या टाकून येते नाल्याकडं. लई वेळ न्हाई टिकायचं."

सुनीतीबाईंनी लांबूनच पाहिलं. सोललेल्या उंदरासारखं काहीतरी. मिटलेले डोळे, पोटाला नाळेचा वाळका तुकडा, आणि त्या तुकड्यावर मुंग्यांची रांग. तेवढ्यात त्या गोळ्यानं तोंड उघडलं आणि जमिनीलाच चोखायला लागलं.

"जिवंत आहे ना अजून?" त्या खेकसल्या. "मग नाल्यात कसलं टाकता!"

यात दयाबिया होती असं कुणी समजू नये. मुंग्यांची किळस पिल्लाच्या किळसेपेक्षा मूठभर जास्त निघाली, एवढंच. त्यांनी सांडशी आणली, पिल्लू सांडशीनं उचललं आणि ती सांडशी लगेच भंगारात दिली.

पुढचं जे केलं ते फक्त सुनीतीबाईच करू शकल्या असत्या. हाताला लागणारी वस्तू आधी धुतलेली हवी, हा त्यांचा जन्माचा नियम. त्या दुधाची पिशवी साबणानं धुवायच्या, सुटी नाणी धुवायच्या. मग पिल्लू न धुता कसं घेणार? तांब्याभर कोमट पाणी घेऊन त्यांनी त्याला शिकेकाई लावून आंघोळ घातली. पिल्लू स्वच्छ झालं आणि मरायला टेकलं.

नृसिंहराव धावत आले तेव्हा ते ओल्या बोळ्यासारखं तळहातावर पडलं होतं. गार, निपचित.

"अगं, पिल्लू धुतलंस की कोथिंबीर? बाहेर थंडी बघ! काहीतरी लोकरीचं दे आधी."

"स्वेटर माळ्यावर आहेत."

दोघांचीही नजर एकदमच वर दांडीकडे गेली.

"तिला हात लावाल तर खबरदार," सुनीतीबाई म्हणाल्या. मग पिल्लाकडे बघितलं. तोंड आता उघडतही नव्हतं. हे आपण केलं, आपल्या स्वच्छपणानं केलं, हे त्यांना कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची शिसारी आली. काठी घेऊन त्यांनी आपल्या हातानं धाबळी खाली ओढली.

गुरांचे डॉक्टर केदार यांनी पिल्लाला जिवंत ठरवलं, पण खात्री दिली नाही. पावडरचं दूध द्या, ड्रॉपरनं, पालथं धरून. उबेला ठेवा. "आणि काकू, दूध पाजलं की दर वेळी कापूस कोमट पाण्यात भिजवून इथं खाली हलकेच चोळायचं. याला आपलं आपण करता येत नाही. आई चाटते तेव्हा होतं."

"म्हणजे... चाटायचं?"

"कापूस, काकू, कापूस! नाही चोळलंत तर पोट फुगून मरेल. ज्या दिवशी आपलं आपण मुतेल, त्या दिवशी वाचलं समजा."

हा शब्द ऐकून सुनीतीबाई भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडे बघत बसल्या.

नृसिंहरावांच्या हातांना कंप होता. त्यांनी चोळलं की पिल्लू किंचाळायचं. म्हणजे काम सुनीतीबाईंच्याच गळ्यात आलं. पहिल्या दिवशी त्यांनी एका हातानं कापूस फिरवला आणि दुसऱ्या हातानं बेसिन धरून ओकल्या. दूध पिल्लाच्या नाकातून यायचं, हनुवटीखाली आंबायचं. खालून यायचं ते फेसलेल्या मोहरीसारखं. त्यांनी मोहरीचं लोणचं खाणं सोडलं. नखं मुळापासून कापली, तरी जेवताना बोटांना वास यायचा म्हणून चमच्यानं भात खायला लागल्या.

"मेल्या, घाणेरड्या, नरकातून आलास का रे?" असं म्हणत त्या चोळायच्या. एकदा दुपारी काही केल्या होईना, पोट टणक झालं. तेव्हा त्या कापूस बदलत, शिव्या देत, उन्हं उतरेपर्यंत हलल्या नाहीत. झालं तेव्हा "शी" म्हणाल्या आणि मग भिंतीला टेकून बसल्या.

सवयीनं किळस जाते म्हणतात. काही जात नाही. रोज तितकीच यायची.

पिल्लू वाढलं, पण मनासारखं नाही. डोळे उघडले, पण कापसाशिवाय एक थेंब नाही. चंपाषष्ठी तोंडावर आली आणि कोल्हारहून थोरल्या नणंदबाई आल्या, राजेश्वरीवन्सं. त्या सोवळ्याच्या फार कडक. तपकीर ओढायच्या, पदरात शिंकरायच्या आणि त्याच पदरानं हात पुसत म्हणायच्या, "आमच्या सुनीतीसारखं सोवळं नगर जिल्ह्यात नाही." पदराकडे बघून सुनीतीबाईंच्या घशाशी यायचं. बोलायची सोय नव्हती.

पिल्लू माडीवर, बल्बच्या उबेला लपवलं होतं. चंपाषष्ठीच्या दिवशी सकाळपासून त्यानं दूध तोंडात धरलं नाही. त्यात वीज गेली, बल्ब विझला. सुनीतीबाई आंघोळ करून, धुतलेली धाबळी नेसून माडीवर गेल्या तर पिल्लू पुन्हा गार. पहिल्या दिवशीसारखंच.

"डॉक्टरांकडे नेतो," नृसिंहराव म्हणाले.

"या थंडीत स्कूटरवर? वाटेतच जाईल."

"मग घे धाबळीत. मांजराला विटाळ नसतो म्हणतात, आणि लोकरीलाही नसतो. दोन्ही मिळून सोवळंच झालं."

"तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा," त्या म्हणाल्या आणि पिल्लू ओच्यात, पोटाशी खोचलं.

खाली ओट्यापाशी रोडगा तव्यावर होता, वांगी भाजून निवत होती. वन्सं उंबऱ्याबाहेर पाट टाकून, चिमटीत तपकीर धरून देखरेख करत होत्या. सुनीतीबाई वांगं सोलत होत्या आणि मन सगळं पोटाशी होतं. हलतंय का? नाही. श्वास तरी आहे का? खंडोबाला काही मागावं तर ते ओच्यात ठेवूनच त्याचा नैवेद्य करतोय, कुठल्या तोंडानं मागणार?

एवढ्यात पोटावर कोमट काहीतरी पसरलं. ओघळ धाबळीतून मांडीवर उतरला. वास आला. सुनीतीबाईंच्या अंगावर शहारे आले, सोललेलं वांगं हातातून परातीत पडलं.

"काय गं, चटका बसला का?" वन्सांनी विचारलं.

हातात कापूस नव्हता. कुणी चोळलं नव्हतं. हे ध्यानात यायला एक क्षण लागला.

"अहो!" त्या ओरडल्या, पुण्याच्या रस्त्यावरचे ट्रकवालेही ऐकतील अशा आवाजात. "अहो, लवकर या! मुतलं! आपलं आपण मुतलं हो!"

वन्सांची तपकीर चिमटीतच राहिली. नृसिंहराव धडपडत जिना उतरून आले तेव्हा तव्यावरचा रोडगा करपत होता आणि सुनीतीबाई भिजलेल्या धाबळीत तशाच उभ्या होत्या. "शी, शी, शी," म्हणत होत्या, रडत होत्या, आणि नृसिंहरावांनी हात पुढे केला तरी पिल्लू काही केल्या त्यांच्याकडे देत नव्हत्या.