इवायाच्या द्राक्षबागेतले बाण

बाण मी फिरवले होते.

एवढं चार शब्दांचं वाक्य लिहायला मला कित्येक वर्षं लागली. घरात हा विषय निघाला, की मी पाणी प्यायला उठत असे. आमच्या खानदानात माझ्याइतकं पाणी कोणी प्यायलेलं नाही! आता डॉक्टरांनी पाणीसुद्धा मोजून प्यायला सांगितलंय, तेव्हा बोलणं भाग आहे.

तर, माझे इवाई वसंतराव (इवाई म्हणजे व्याही, माझी मुलगी त्यांची सून) यांचं बाभुळगावजवळ वावर आहे. पिढ्यान्‌पिढ्या कापूस आणि तूर. एकदा ते नाशिककडे लग्नाला गेले आणि येताना डोक्यात द्राक्षं घेऊन आले. बाग लावली, वाइनच्या टाक्या आणल्या, आणि एवढ्यावर समाधान होईना म्हणून बागेतून एक गोल पायवाट काढली. फाटकातून निघायचं, वेलींमधून चक्कर मारायची, परत फाटकाशी यायचं आणि सावलीत बसून वाइन चाखायची.

"पैदल फिराले कोन येईन हो?" मी म्हणालो. "आपल्याकडे मानूस वावरात फिरते थो डुकरं हाकलाले!"

"तेच तर, इवाई! शहरातले लोक बिना डुकराचे फिरतात. त्याले ट्रेल म्हनते."

या ट्रेलवर देखरेखीला माणूस हवा होता. मी माझ्या धाकट्या साळ्याचं, दिनकरचं नाव सुचवलं. दिनकर एके काळी भरपूर प्यायचा. मग एक दिवस पोराच्या डोक्यावर हात ठेवून त्याने शपथ घेतली आणि दारू सोडली ती सोडलीच. त्याची बायको शोभा तेव्हापासून त्याच्याकडे नव्या नवऱ्याकडे पाहावं तशी पाहायची. न पिणाऱ्याच्या हाती वाइन सुरक्षित, असा माझा हिशेब. दिनकरने जीव ओतून काम केलं. वाटेवर जागोजागी लोखंडी खांब रोवून त्यांवर लाकडी बाण लावले. एका बोल्टवर एक बाण. (हा बोल्ट पुढे फार महागात पडला.)

नागपूरची एक सहल कंपनी बसभर पाहुणे घेऊन पाहणीला येणार होती. त्यांना वाट पसंत पडली, तर दर रविवारी बस येणार आणि दिनकर कायमचा मॅनेजर होणार. शोभाने त्यासाठी त्याला नवा शर्ट शिवला होता.

त्या दिवशी सकाळी मी बागेत सहज पाय मोकळे करायला निघालो आणि हबकलो. बागेच्या मधोमध मारुतीचं देऊळ. वाट त्याच्याभोवती गोल. आणि सगळे बाण उलटे! म्हणजे देव डाव्या हाताला! अहो, देवाला उजव्या हाताला ठेवून फिरायचं, हे पोरंसोरंही जाणतात. उलटं फिरतात ते मयतीत. आणि इथे अख्खी बस मारुतीला उलटी प्रदक्षिणा घालणार, वर वाइन पिणार!

कोणाला विचारावं, हे मला सुचलं नाही. मला विचारायची सवयच नाही. मी सल्ला देणारा माणूस. फाटकापासून डाव्या हाताला निघालो आणि एकेक बाण हाताने फिरवत, "जय हनुमान" म्हणत, पार पलीकडच्या शेततळ्यापर्यंत पोचलो. अर्धी चक्कर झाली. तेवढ्यात मोबाइल वाजला.

"इवाई, कुठी हा तुम्ही? पोहे थंडे होऊन राह्यले! तर्री केली हाय!"

धर्म महत्त्वाचा, पण तर्रीही (पोह्यांवरचा झणझणीत रस्सा) थंड झाल्यावर तर्री राहत नाही. उरलेले बाण खाऊन झाल्यावर फिरवू, असं ठरवून मी वेलींच्या तारांखालून वाकत, ओळी ओलांडत सरळ घर गाठलं. एक प्लेट झाली. दुसरी झाली. आणि बस आली.

आता परिस्थिती अशी, की फाटकातून निघणारे दोन्ही बाण बाहेर बोट दाखवत होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. आणि शेततळ्याजवळ दोन बाण एकमेकांकडे रोखून उभे होते. पाहुण्यांनी बाण पाहिले, आपसांत ठरवलं आणि दोन फळ्या झाल्या. अर्धे कंपनीच्या साहेबामागे, अर्धे वसंतरावांमागे. दोन्ही पलटणी शेततळ्याजवळ, दोन माणसं मावणार नाहीत अशा बोळात, समोरासमोर आल्या.

"तुम्ही उलटे येऊन राह्यले!" वसंतराव.

"उलटे तुम्ही! तुमचाच बाण बघा!" साहेब.

"थो बाण पहा ना!"

मागचे पुढच्यांना ढकलू लागले. ऊन चढलं. पाणी फाटकाशी होतं. शहरी माणूस शिस्तीचा. बाणाविरुद्ध परत जायला कोणी तयार होईना! शेवटी एका काकूंना देवळाचा कळस दिसला. "मारुतीराया!" म्हणून त्या तारांमध्ये घुसल्या आणि त्यांच्यामागे अख्खी बस. वेली तुटल्या, घड तुडवले गेले. साहेब तारेत अडकले, त्यांची पँट आधी सुटली आणि मग ते. वाइन पायाने तुडवून करतात असं वसंतरावांनी ऐकलं होतं, पण वेलीवरच करतात हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"बाण कोनं लावले?" वसंतराव गरजले.

दिनकर पुढे आला. तो पहाटेपासून वाइनच्या टाक्या धूत होता. अंगाला भपकारा येत होता. सगळ्यांनी एकदम नाक मुरडलं आणि खटला तिथेच संपला.

"बाण मी बरोबर लावलते, मालक! आईची आन!"

"दारू पेला तू! अर्धे इकडं, अर्धे तिकडं! शुद्धीतला मानूस असं करते काय बे?" मग माझ्याकडे वळून, "इवाई, तुम्ही सकाळी तिकडं गेलते ना? कसे होते बाण?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. शोभाही.

"मी चष्मा नव्हता नेला," मी म्हणालो. आणि पाणी प्यायला गेलो.

बस पुन्हा आली नाही. दिनकरची नोकरी गेली. शोभा महिनाभर माहेरी, पांढरकवड्याला जाऊन राहिली. परतली ती एका अटीवर: रोज संध्याकाळी दिनकरने उंबऱ्याबाहेर थांबायचं, "हाऽऽ" करायचं, तिने वास घ्यायचा, मगच आत. एका बाणाचा अपराध नसलेला तो माणूस इतकी वर्षं स्वतःच्याच दारात तोंड उघडून उभा राहतोय.

परवा मी निश्चय केला. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो दाराशी "हाऽऽ" करतच होता.

"दिनकर," मी म्हणालो, "थो बाणाचा विषय..."

"सोडा ना भाऊजी!" तो घाईने म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "शोभे, तुले सांगतो, साऱ्या जगानं मले बेवडा म्हटलं. एकट्या भाऊजीनं माह्यावर बोट नाही ठेवलं! असा देवमानूस नाही भेटनार!"

शोभाने डोक्यावर पदर घेतला. मी माफी मागायला वाकणार, तेवढ्यात तोच माझ्या पाया पडला.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सुखी राहा. आणि खरं बोलत जा."