नेहमीचं क्रियापद आणि रोवण्याचा दिवस

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. लाखनीजवळच्या आमच्या गावात स्पेनची एक सिस्टर दवाखाना चालवायची. मॅट्रिक झाल्यावर मी तिच्या हाताखाली मलमपट्टी करायचे. तिच्या देशात मला नर्सिंगला जागा मिळणार होती, फक्त नागपूरला भाषेची परीक्षा पास व्हायची होती. म्हणून दुपारी ती मला स्पॅनिश शिकवायची.

त्यातलं एक क्रियापद भारी आडमुठं, 'सोलेर'. माणूस जे नेहमी करतो त्यासाठीचं. स्वेलो म्हणजे मी नेहमी करते, स्वेलेस तू, स्वेले तो. मागच्या काळासाठी सोलिआ. पुढे दुसरं क्रियापद जसंच्या तसं जोडायचं. आणि भविष्यकाळ? नाहीच म्हणे, कोणी वापरत नाही. नसेना! माझा होता. सरावाला मी आमचंच घर घेतलं. स्वेले कोमेर : बाबा नेहमी आधी जेवतात. आई नेहमी उरलेलं जेवते. सिस्टरने शाबासकी दिली, पण वाक्यं करता करता माझं टाळकं सणकलं होतं.

परीक्षा आली ती नेमकी रोवण्याच्या दिवसांत. आमच्याकडे धानाची रोपं लावायला सगळे एकमेकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जातात. प्रत्येक घराने एक बाई द्यायची, नाहीतर आपल्या बांधीत कोणी फिरकत नाही. परीक्षेच्या सकाळी मी पिशवी घेऊन निघाले, तर बाबा दारात.

"आज शेजाऱ्याचा रोवणा हाय. तू जा."

"अन् माही परीक्षा?"

"पुढच्या साली देजो."

दिवसभर मी चिखलात वाकून रोपं खोचली आणि दातओठ खात स्वेलो, स्वेलेस म्हणत राहिले. पुढच्या साली सिस्टरची बदली झाली. जागाही गेली.

काही वर्षांनी भावाच्या लग्नात मी पंगत वाढत होते. बाबा पाहुण्यांना सांगत होते, "पोरगी लय हुशार. बाहेरदेशी जाणार होती, पण हिचंच मन नाही झालं."

माझं डोकंच फिरलं. भाताचं भगोनं मी खाली आदळलं. "खोटं काहून बोलता? तुमीच धाडलं मले रोवण्याले! घरची एक बाई द्या लागत होती ना!"

जन्मात कधी बाबांसमोर न बोललेली आई तूप वाढता वाढता थांबली.

"बाई तर मी निघाली होती हिच्या जागी," ती बाबांकडे बघत म्हणाली. "यायनंच अडवलं मले. म्हणे, तू घरी राय, पोरीलेच जाऊ दे."

बाबांनी वर न पाहता वरण मागितलं. मी वाढलं नाही.